तयार घेऊ की बनवून देता?

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात माझी पंचवीस वर्षं गेली. या काळात गिऱ्हाइकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न बिघाडाचा नाही. तो असा: "कंपनीचा घेऊ, की तुम्ही असेंबल करून देता?" सुरुवातीला तो रेडिओबद्दल असे. मग ट्रान्झिस्टर आले, अॅम्प्लिफायर आले, टीव्ही आला, आणि सगळ्यांत शेवटी खेळाचं मशीन. प्रश्न तोच राहिला.

उत्तर देताना मी गिऱ्हाइकासमोर हिशेब मांडायचो. कंपनीच्या संचात जे भाग असतात तेच बाजारात सुटे मिळतात. मी ते आणतो, जोडतो, पेटीत बसवतो. मग कंपनी वरचे पैसे कशाचे घेते? पेटीच्या देखणेपणाचे, जाहिरातीचे, वाहतुकीचे आणि दुकानदाराच्या नफ्याचे. अशा चार रकमा मी बोटांवर मोजून दाखवत असे आणि बहुतेकांना ते पटत असे. पाचवी एक रक्कम असते, हे मला फार उशिरा कळलं.

न पटलेलं एक गिऱ्हाईक आठवतं. नागपुरात महाल भागात माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. तिथे एक निवृत्त हेडमास्तर कंपनीचा कोरा रेडिओ खोक्यासकट घेऊन आले. म्हणाले, "मागचं झाकण उघडा आणि तुमच्या कामात नि यांच्या कामात फरक दाखवा." मी माझा एक संच शेजारी ठेवून दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पाहिले.

"तुमचे सोल्डरचे टाके जास्त चमकतात," ते म्हणाले.

"मग गुरुजी, पुढच्या वेळी आमच्याकडून घ्या."

"नाही. तुमचा रेडिओ बिघडला तर मला रोज या रस्त्यानं जाताना तुमचं तोंड दिसेल. कंपनीत मी कुणाला ओळखत नाही."

आणि झाकण लावून घेऊन गेले. मी दोन दिवस हसत होतो.

आता बाहेरच्या माणसाला धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाही तर पुढचं कळायचं नाही. टीव्हीच्या आत सगळे भाग ज्या लोखंडी पत्र्यावर बसवलेले असतात त्याला चासी म्हणतात. घरात विजेच्या दोन तारा येतात. एक जिवंत, तिला आपण फेज म्हणतो. दुसरी न्यूट्रल, तिला हात लागला तर सहसा काही होत नाही. खर्च वाचावा म्हणून त्या काळच्या अनेक टीव्ही संचांत यांतली एक तार सरळ चासीला जोडलेली असे. दोन पिनांचा प्लग सॉकेटात सुलटा बसतो तसाच उलटाही बसतो. एका बाजूने बसला तर चासीवर न्यूट्रल येते, दुसऱ्या बाजूने बसला तर फेज. चित्र दोन्ही वेळा सारखंच दिसतं. बाहेरून लाकडी पेटी आणि प्लॅस्टिकची बटणं असतात, त्यामुळे घरच्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. आम्हाला मात्र झाकण काढलं की आधी टेस्टर लावावा लागतो. दोनांतून एकदा तो पेटतो.

मी धीट मेकॅनिक कधीच नव्हतो. चालू संचावर काम करताना डावा हात खिशात ठेवायचा, ही सवय मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी लावली. दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून दुसऱ्यात छातीवरून जाते. शेजारचा घड्याळवाला म्हणायचा, "दामोदरभाऊ, खिशात पैसे धरून बसता का?" मी म्हणायचो, "जीव धरून बसतो."

ही भीती वाढली ती एका कूलरमुळे. नागपूरचा उन्हाळा कूलरशिवाय काढता येत नाही, आणि कूलर आम्ही कंपनीचा घेत नाही. पत्र्याची पेटी गल्लीतला पत्रेवाला करतो, पंखा आणि पंप आपण आणतो, खस लावली की झालं. आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने मला बोलावलं. पाहिलं तर पंपाची तार पत्र्याच्या धारेवर घासून सोलली गेली होती. सोललेला भाग नखाएवढा. बादली अजून तिथेच आडवी पडली होती, कुणी उचलली नव्हती. तो मला म्हणाला, "घरी बनवला म्हणून झालं का हो? कंपनीचा असता तर?" घरी येऊन मी आमच्या कूलरची तार तपासली, मग शेजाऱ्यांच्या, मग त्यांच्या शेजाऱ्यांच्या. लोकांना वाटलं, याला लागलं आहे काही तरी.

त्यानंतर थोड्याच काळाने मनोहरभाऊ आले.

मनोहरभाऊ माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या, इंदूच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. भिवापूरला त्यांचा मिरचीचा व्यापार होता. वर्षानुवर्षं मिरचीची धूळ छातीत गेली आणि खोकला थांबेना. डॉक्टरांनी धंदा सोडायला सांगितलं. तो सोडून ते नागपुरात आले, जरीपटक्याच्या बाजारात एक गाळा घेतला, आणि त्यात काय टाकावं या विचारात गावभर फिरत होते. जवळ होतं नव्हतं ते गाळ्यात गेलेलं. दोघं नवरा-बायको, मूलबाळ नाही, पुढचं सगळं त्या गाळ्यावर.

सीताबर्डीवर त्यांनी व्हिडिओ गेमचं दुकान पाहिलं आणि तिथून थेट माझ्याकडे आले.

"दामोदर, पोट्टे रांगेत उभे राहून पैसे टाकून राहिले गा. मिरची इकायले माणसाच्या पाया पडा लागते. इथं पोट्टे आपल्या पाया पडतीन."

"घ्या मग मशीन."

"तयार मशीन मुंबईहून येते. भाव आयकला, तं खोकला बंद झाला माया. तुले बनवता येते का सांग."

मशीन मी पाहिलेलं होतं. आत एक टीव्ही, एक खेळाची पाटी, दांडा, बटणं आणि पैसे टाकायची खाच. पाटी म्हणजे हातभर लांबीची हिरवी फळी, तिच्यावर काळ्या चिपा. ती मुंबईत सुटी मिळत होती. बनवता येण्यासारखं होतंच.

"तयारच घ्या, भाऊ," मी म्हणालो.

"काहून?"

"टीव्ही माणूस दुरून पाहते. हे मशीन पोट्टे दोन्ही हातांनी धरते."

"धरू दे ना मंग. धरल्याशिवाय खेळतीन कसे?"

मी त्यांना चासीचं सगळं समजावून सांगितलं. खेळाच्या पाटीची तार टीव्हीच्या चासीला जोडावी लागते. पाटीची दुसरी तार दांड्याला आणि पैशाच्या खाचेच्या पितळी पट्टीला जाते. म्हणजे चासीवर जे असेल ते पोराच्या हातात येणार. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुले भेव वाटते म्हणून तूच बनव. ज्याले भेव नाही वाटत त्याच्याकडून मी बनवीन काय?"

हिशेबही माझ्या विरुद्ध होता. तयार मशीन बनवलेल्याच्या सव्वादोन पट पडत होतं. ते घेतलं तर मशीन आल्यावर पहिल्या महिन्याचं घर कसं चालवायचं, हा प्रश्न होता. रात्री जेवताना इंदू एवढंच म्हणाली, "ताई काही बोलत नाही, पण तिच्या हातातल्या पाटल्या दिसल्या नाहीत मला." मी मशीन बनवायला घेतलं.

पेटी सुताराकडून करून घेतली. टीव्ही कृष्णधवल, वीस इंची. रंगीत दिसावं म्हणून पडद्यावर निळ्या, हिरव्या, तांबड्या पारदर्शक कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या; वर आकाश निळं, खाली विमान तांबडं. आणि सगळ्यांत खाली मी एक ट्रान्सफॉर्मर बसवला, चार किलोचा. तो खास गुंडाळून घेतला होता. मनोहरभाऊ तेव्हा समोर बसले होते.

"हे काय करते?"

"यात दोनशे तीस व्होल्ट घालायचे आणि दोनशे तीसच काढायचे."

"घातले तेवढेच निघते?"

"तेवढेच."

"मंग फायदा काय गा? हे तं आमच्या जातभाईसारखं झालं. जेवढं दिलं तेवढंच परत, वरून फुगून बसते."

मी हसलो, आणि नीट सांगितलं. आत येणारी वीज आणि बाहेर निघणारी वीज यांच्यात तारेचा संबंध राहत नाही, फक्त लोखंडाचा राहतो. बाहेर निघालेल्या विजेचं जमिनीशी नातं नसतं, म्हणून जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून जायला तिला वाट सापडत नाही. पोराचा हात पितळेला लागला तरी काही होणार नाही. "हा कधी काढू नका," मी म्हणालो.

"समजलं. व्होल्टेज सांभाळते," ते म्हणाले. त्या वेळी तर घरोघर टीव्हीखाली स्टॅबिलायझर असे, व्होल्टेज वरखाली झालं तर सांभाळणारा. त्यांच्या मनात ते बसलं. मला वाटलं, शब्द चुकला तरी काम कळलं. मी दुरुस्त केलं नाही.

ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणत असे. मशीन चालू आहे हे डोळे मिटूनही कळे. त्याच्यामुळे एक खोटही राहिली होती. लोखंडातून निघणारं चुंबकत्व टीव्हीच्या नळीपर्यंत पोचत होतं, त्यामुळे चित्र किंचित थरथरायचं, पाण्यात पाहिल्यासारखं. ट्रान्सफॉर्मर मी इंचभर सरकवला. थरथर कमी झाली, गेली नाही. पोरांना काय कळणार, असं म्हणून बोल्ट आवळले. चार-सहा जणांनी हातगाडीवर घालून मशीन जरीपटक्याला नेलं. मुहूर्त दसऱ्याचा ठरला.

आमच्या घरी नवमीला हत्यारं पूजेला बसतात. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टर, सगळी धुऊनपुसून पाटावर मांडायची, त्यांना दोरा गुंडाळायचा, हळदकुंकू वाहायचं. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावरच ती उचलायची. माझ्या वडिलांच्या आधीपासूनची रीत. वर्षातला हा एकच दिवस माझ्या खिशात टेस्टर नसतो.

दसऱ्याला सकाळी इंदू, आमची नऊ वर्षांची वंदू आणि मी असे निघालो. त्या दिवशी नागपूरचे रस्ते दीक्षाभूमीला आलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलेले असतात. बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळेना, शेवटी बरंच अंतर चालत गेलो. पोचलो तेव्हा पूजा झाली होती.

गाळ्याला आंब्याचं तोरण, मशीनला झेंडूचा हार. इंदूच्या बहिणीने, सुशीलाताईंनी, पहाटेच फरशी धुतली होती. कोपऱ्यात अजून पाणी साचलेलं होतं. त्यात नारळ मशीनसमोरच फोडलेला, त्याचं पाणी पितळी पट्टीवरून खाली ओघळत होतं. चपला सगळ्यांनी बाहेर काढलेल्या, पूजेची जागा म्हणून. बाजारातली दहाबारा पोरं अनवाणी रांगेत उभी होती. मनोहरभाऊंनी वंदूला पाहिलं आणि तिला उचलून रांगेच्या पुढे आणलं. "पयला नंबर घरच्या लक्ष्मीचा," ते म्हणाले. सुशीलाताईंनी तिच्या हातात रुपया दिला.

मी दारातच उभा राहून पडद्याकडे पाहिलं. तांबडं विमान निळ्या आकाशाखाली फिरत होतं, आणि चित्र अगदी स्थिर होतं. थरथर औषधालाही नव्हती. मला क्षणभर अभिमान वाटला. इथे आणून मशीन सुधारलं की काय?

मग माझ्या लक्षात आलं की ते गुणगुणत नाही.

मी पुन्हा ऐकलं. पोरांचा आवाज होता, बाहेर बाजाराचा होता. त्यांच्या खाली जो एक बारीक आवाज असायला हवा होता तो नव्हता. वंदू रुपया घेऊन मशीनपासून हातभर अंतरावर उभी होती, ओल्या फरशीवर, अनवाणी. दुसरा हात तिने दांड्याकडे नेला होता.

ओरडावंसं वाटलं. पण पोर दचकलं की जे जवळ असेल ते धरतं. मी रोजच्या आवाजात म्हणालो, "वंदू, इकडे ये. माझा चष्मा धर जरा."

"बाबा, माझा नंबर आहे."

"चष्मा पडतो आहे. लवकर."

ती नाराज होऊन वळली. माझ्यापर्यंत यायला तिला चार पावलं लागली. ती आल्यावर मी चष्मा तिच्या हातात ठेवला, मनगट धरून तिला इंदूकडे दिलं, मशीनला वळसा घालून भिंतीकडे गेलो आणि बटण बंद केलं. बटणावर माझा विश्वास नाही, म्हणून प्लगही ओढून काढला. पडदा विझला.

मनोहरभाऊंचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"मुहूर्ताच्या घडीले मशीन बंद केलं? काहून गा?"

"खालचा ट्रान्सफॉर्मर कुठे आहे?"

"तो दगड? काढला म्या परवा. चित्र हालून राहिलं होतं. तो काढला अन् तारा सरळ जोडल्या, तं पाय कसं थांबलं चित्र. जरीपटक्यात व्होल्टेज बरोबर येते, इथं काय गरज त्याची?"

"कोणी मशीनला हात लावला?"

"मीच सकाळपासून खेळून राहिलो. मले काही झालं? तुले सगळीकडं मढंच दिसते, दामोदर. लोकांसमोर तरी..." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

"खेळताना चपला होत्या पायात?"

"होत्या."

"त्यानंतर प्लग काढला होता कोणी?"

उत्तर सुशीलाताईंनी दिलं. "म्या काढला, दामोदरभाऊ. पूजेआधी मागून पुसासाठी. अन् परत लावला."

"होता तसाच लावला?"

त्यांनी सॉकेटाकडे बोट दाखवलं. "दोन भोकं आहेत. दोन्ही सारखीच तं आहेत."

प्लग माझ्या हातात होता. त्याच्या एका अंगाला कुंकवाचं बोट लागलेलं होतं. त्यांनी लावताना प्लगाचीही पूजा केली होती, आणि कुंकू वरच्या बाजूला होतं हे त्यांना पक्कं आठवत होतं.

मला टेस्टर हवा होता, आणि तो महालात पाटावर, दोऱ्यात गुंडाळलेला होता. मनोहरभाऊंच्या घरचीही हत्यारं पूजेतच. मग दारावरचा चाळीसचा बल्ब होल्डरसकट उतरवला. तारा दातांनी सोलल्या. एक टोक पितळी पट्टीला बांधलं, दुसरं मागच्या नळाच्या लोखंडी पाइपाला; पट्टीवर फेज असेल तर बल्ब पेटणार. पोरांना बाहेर काढलं. चपला घालून, डावा हात खिशात ठेवून मी कुंकू वर धरून प्लग लावला आणि बटण दाबलं.

खरं सांगतो, बल्ब पेटू नये असं मला वाटत होतं. मी मूर्ख ठरलो असतो, साडूशी भांडण झालं असतं, पण तसं चाललं असतं.

बल्ब पेटला. मिणमिणता नाही, घरात जळतो तसा पूर्ण. पलीकडे तांबडं विमान निळ्या आकाशाखाली आरामात फिरत होतं.

मी प्लग काढला, उलटा करून लावला. बल्ब विझलेला राहिला आणि विमान तसंच फिरत राहिलं. एवढं दाखवल्यावर मला आणखी बोलावं लागलं नाही.

सुशीलाताईंनी पदराने फरशी पुसायला घेतली. कोरडी झाली तरी पुसतच होत्या. इंदू म्हणाली, "ताई, राहू दे वं," तेव्हा थांबल्या. मनोहरभाऊ पायरीवर बसले. म्हणाले, "वंदूचा नंबर मीच पयला लावला होता गा." मग पुन्हा तेच म्हणाले. वंदू माझा चष्मा दोन्ही हातांत धरून उभी होती. तिला अजून रुपया टाकायचा होता. मी तिच्या हातातून चष्मा घेतला आणि घातला.

संध्याकाळी सोनं द्यायला मनोहरभाऊ घरी आले. आपट्याची पानं दिली आणि म्हणाले, "तो दगड पुन्हा बसवून देतो म्हणशीन, तं नको. बसवशीन तू. काढणारा मी आहो."

पाटी आणि टीव्ही त्यांनी विकून टाकले, अर्थात घेणाऱ्या दोघांनाही ट्रान्सफॉर्मरचं सांगूनच मी ते विकू दिले. सुशीलाताईंनी गाळ्यात काही महिने भिवापूरची मिरची आणि शेवया विकल्या. त्यातून पैसे जमले आणि संक्रांतीच्या सुमाराला मुंबईहून तयार मशीन आलं. ट्रकवरून उतरवल्या उतरवल्या त्यांनी मला बोलावणं पाठवलं. "उघडून पाय. तू पाह्यल्याशिवाय प्लग लावत नाही."

मी मागचं झाकण काढलं. टेस्टर खिशात होता. टीव्ही जवळपास तसाच, पाटी तशीच. माझ्यापेक्षा टाके कमी चमकत होते. तळाशी, नळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, एक पत्र्याची डबी होती. तिचे चार स्क्रू काढले. आत ट्रान्सफॉर्मर होता. चुंबकत्व नळीकडे जाऊ नये असा तिरपा बसवलेला होता, आणि बोल्टांची डोकी घासून गोल केली होती, पाना लागू नये म्हणून. मशीन चालू केलं. ते गुणगुणत होतं, आणि चित्र हलत नव्हतं.

मी डबीचे स्क्रू परत लावायला घेतले. तिकडे मुंबईत कुणाचं तरी चित्र हललं असणार. चित्र हलतं म्हणून कुणीतरी ट्रान्सफॉर्मर काढला असणार, आणि पुढे जे झालं ते त्या माणसाने पाहिलं असणार, किंवा थोडक्यात चुकलेलं पाहिलं असणार. म्हणून पत्रा घातला, तिरपा बसवला, बोल्ट घासले. त्या अनोळखी माणसाची ती धास्ती किमतीत धरलेली होती. माझ्या चार रकमांत ती कधी आली नव्हती. कूलरवाल्या घरातला तो माणूस मला नंतर कधी भेटला नाही. भेटला असता तर त्याला हे सांगितलं असतं की नाही, ते ठरवता येत नाही.

"चांगलं आहे का गा?" मनोहरभाऊंनी विचारलं.

"चांगलं आहे. बनवणारा घाबरट दिसतो."

ते दसऱ्यानंतर पहिल्यांदा मोकळे हसले.

मशीन आजही चालू आहे. मी गेलो की आधी दारात थांबून ऐकतो. हल्ली मनोहरभाऊही ऐकतात. पोरांना म्हणतात, "चूप रे, आवाज येऊ द्या मशीनचा," आणि पोरांना वाटतं म्हाताऱ्याला मशीनचं वेड लागलं. गिऱ्हाईक अजून विचारतं, तयार घेऊ की बनवून देता. मी चार रकमा सांगतो, मग पाचवी सांगतो, आणि मग बनवायला घ्यायला मला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो.

पुढच्या वर्षी नवमीला हत्यारं पाटावर मांडली, पण टेस्टर खिशातच ठेवला. इंदूने मोजलं, एक कमी. ती उठून आत गेली. मला वाटलं, रीत मोडली म्हणून रुसली. थोड्या वेळाने करंडा घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "खिशातून जरा वर काढा. कुंकू लावते, मग पुन्हा ठेवा."